उणिवांचा रिकामा रकाना

"दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा," असं संपादकांनी कळवलं. मैदानावरच्या गमती, गुणी पोरं, चार किस्से. किस्से आहेत. हलकंफुलकं काही नाही. माझ्याकडे एक कार्बन कॉपी आहे. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानातल्या खालच्या खणात ती पाच वर्षं पडून आहे. लिहायचंच तर तिच्याबद्दल लिहीन.

मी फुटबॉलच्या पोरांचे अहवाल लिहायचो. नव्वदच्या दशकाची शेवटची दोन वर्षं आणि त्यापुढची तीन, एकूण पाच हंगाम. हुबळी, धारवाड, अळणावर, कलघटगी, जिथं कुठं दोन दांडकी रोवून पोरं खेळत, तिथं जायचं. सतरा वर्षं पूर्ण न झालेला फॉरवर्ड शोधायचा, म्हणजे गोल मारणारा. त्याच्या तीन मॅच बघायच्या, कन्नडमध्ये छापलेला एक फॉर्म भरायचा आणि तो फॅक्सनं बंगळूरला पाठवायचा. तिथं निवड शिबिर असे. शिबिरात घेतलं तर पोराचं राहणं, जेवण, शाळा, बूट सगळं त्यांचं. नाही घेतलं तर पोरगा होता तिथंच. आमच्याकडे "होता तिथंच" म्हणजे काय, ते सांगायला वेगळा अंक लागेल.

या कामात मी शिरलो तो भांडणातून. विद्यानगरपलीकडे एक मैदान होतं. तिथं दुकानांची इमारत उठणार असं कळल्यावर आम्ही आठ-दहा जणांनी समिती काढली. मी बावीस वर्षांचा होतो, अक्षर बरं होतं, राग भरपूर होता. पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे आलं. पिवळा कागद, खाली "आपले नम्र" आणि वर नम्रतेचा मागमूस नाही. पत्रकाचे नियम मी तिथंच शिकलो. एक कागद, एक मागणी. पहिली ओळ अशी, की माणूस चालता चालता थांबला पाहिजे. आणि सर्वांत मोठा नियम: समोरच्याच्या हातात दगड द्यायचा नाही. आपल्या बाजूची कच्ची जागा आपण होऊन कधीच लिहायची नाही.

हा नियम नीट लक्षात ठेवा. याच नियमाने मी एका पोराचं वाटोळं केलं.

त्या मैदानावर रविवारी मॅच चालू असताना मी पत्रकं वाटायचो. हिरेमठ सर म्हणून निवृत्त पी.टी.चे मास्तर गोलमागे खुर्ची टाकून बसलेले असत. बंगळूरच्या शिबिरासाठी आमच्या भागातली पोरं तेच सुचवत. एकदा त्यांनी मला, धाकट्या भावाला मारावी तशी कन्नड हाक मारली.

"येनो तम्मा, मॅच बघतोस की कागद वाटतोस?"

"दोन्ही, सर."

"असं? मग सांग, सात नंबरच्या पोराचा चालता पाय कुठला?"

"उजवा. पण कॉर्नर मिळाला की आधी डावा मोजा वर ओढतो. घाबरला की ओढतो."

सर खुर्चीतून माझ्याकडे वळले. "पत्रकं कोण पण वाटेल," म्हणाले. "तू उद्यापासून माझ्याबरोबर ये."

कामाची रीत सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की आम्ही गोल मोजायचो. गोल कुणीही मोजतो. आमचा पहिला धडा, बॉलकडे बघायचं नाही. बॉल दुसऱ्या टोकाला असताना फॉरवर्ड काय करतो ते बघायचं. कमरेवर हात ठेवून उभा आहे की बॅकच्या, म्हणजे त्याला अडवणाऱ्याच्या, पाठीमागं सरकतोय? बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे बघतो का? बघतो तर कुठल्या खांद्यावरून? बॉल आल्यावर पहिला स्पर्श पायाखाली अडकतो की पुढच्या पावलाला मोकळा पडतो? बॉल गेला की मान खाली घालतो की धावतो? तीन मॅच यासाठी, की एक त्याच्या मैदानावरची, एक परक्या, आणि एक तरी अशी हवी जिच्यात त्याचा संघ मार खातोय. हरताना माणूस जे खेळतो तेच त्याचं खरं. वहीत पेन्सिलनं टिपायचं, कारण पावसात शाई फुटते.

फॉर्मला चार रकाने. वेग आणि शरीर. दोन्ही पाय आणि डोकं. स्वभाव. आणि सगळ्यांत खाली, सगळ्यांत रुंद, उणिवा.

गमती हव्यात म्हणता, तर बापांच्या आहेत. धारवाडच्या सुभाष रोडवरचे एक भांड्यांचे व्यापारी मुलाची पत्रिका घेऊन मैदानावर आले होते. "तिसऱ्या घरात मंगळ आहे बघा, पायात जोर असणारच." मी म्हटलं, "काका, मंगळाला म्हणावं जरा उशिरा पळ, ऑफसाइड होतोय." त्यांनी पुढच्या मॅचला पेढ्यांचा पुडा आणला. मी तो दोन्ही संघांना वाटून टाकला. मुलगा चांगला होता हो, लाजून मेला बिचारा. त्याने पुढे दुकान घेतलं आणि सुखी आहे. दुकान असलेल्याला फुटबॉल सोडता येतो.

आता डॅनियलचं. हा मी पाठवलेला पहिला फॉरवर्ड. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहणारा, देखणा, पायात जादू. तीन माणसं चुकवायचा आणि चौथ्या क्षणी, गोल मारायच्या ऐवजी, बघणाऱ्यांकडे बघायचा. मी चोवीसचा, पत्रकबहाद्दर. उणिवांच्या रकान्यात पहिलीच ओळ लिहिली: "याला गोल नको, आरसा हवा."

सर वाचून हसले नाहीत. "खरं आहे," म्हणाले. "पण एवढं चांगलं लिहायला नको होतं."

मला कळलं नाही. तीन आठवड्यांनी कळलं. शिबिरातल्या साहेबांना माझी ओळ फार आवडली आणि त्यांनी ती जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवली. त्या संध्याकाळपासून डॅनियलचं नाव आरसा. पास मागितला की, "आरसा, थोबाड बघ आधी." महिना भरायच्या आत तो परत आला आणि पुन्हा मैदानावर दिसला नाही. पुढे एकदा स्टँडवर भेटला, एका पार्सल ऑफिसात चिकटला होता. मी नजर चुकवली, तर तोच हसून म्हणाला, "सर, ती ओळ तुमची होती ना? भारी होती. सगळे हसले." त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तिथंच ठरवलं की यापुढे कुठल्याही पोराविरुद्ध माझ्या हातून दगड जाणार नाही. माणूस एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडतो तेव्हा त्याला मधला वेळ चढण चढल्यासारखाच वाटतो.

त्यानंतर दोन वर्षांनी यल्लू मिळाला. यल्लाप्पा, अळणावरजवळच्या एका वस्तीतला. आई-वडील लाकडाच्या डेपोत ओझी उचलणारे, घरात मराठी, बाहेर कन्नड, शाळा कन्नड. मोठी बहीण अक्का, तिनेच याला वाढवलेला. मी पहिल्यांदा त्याला हुबळीतल्या एका स्पर्धेत पाहिलं. अनवाणी खेळत होता, कारण बूट भाड्याने आणलेले आणि एका नंबरानं लहान. बारीक चणीचा, मान पुढे काढून पळणारा. पहिली पाच पावलं अशी, की बॅकला तो निघाल्याचं कळायचं तेव्हा तो पोचलेला असायचा. आणि किक! पाय मागे घ्यायचाच नाही. गुडघ्याखालून झटका, बॉल खांबाच्या आत. मी पाच हंगामांत शंभरावर पोरं पाहिली. असा एकच.

दुसरी मॅच त्याच्या वस्तीवर बघायला गेलो. मैदान म्हणजे गोदामाच्या मागची जागा, निम्मी कुणीतरी कुंपण घालून घेतलेली. उरलेल्या तुकड्यात दोन गोल मावत नव्हते, म्हणून गोल एकच, गोदामाच्या भिंतीवर चुन्याने काढलेला. दोन्ही संघ त्याच गोलवर मारायचे. भिंतीकडे पाठ करून फॉरवर्ड उभा राहिला, की त्याच्या डाव्या हाताला उघडा नाला. बॉल नाल्यात गेला की खेळ संपला, कारण बॉल एकच.

मी नाल्याच्या काठावर उभा राहिलो आणि दहा मिनिटांत मला ते दिसलं. यल्लू पाठीवर बॅक घेऊन बॉल घ्यायचा आणि उजवीकडे वळायचा. प्रत्येक वेळी उजवीकडे. विजेसारखा, पण उजवीकडेच. डावीकडे वळणं त्याच्या अंगातच नव्हतं. कसं असेल? सात वर्षांचा असल्यापासून डावीकडे नाला होता.

वहीत मी लिहिलं, ती पेन्सिल अजून वाचता येते: "डावीकडे वळत नाही. कारण मैदान. तीन महिन्यांचं काम."

खेळ संपल्यावर तो माझ्याजवळ आला. "अण्णा, तुम्ही लिहून घेणारे न्हवं का? काय लिवलासा?"

आमच्यात नियम होता, खेळाडूला सांगायचं नाही. सांगितलं की तो आपल्यासाठी खेळतो, खोटं खेळतो. मी म्हटलं, "चांगलं लिहिलंय. खेळत राहा."

"चांगलंच व्हय?"

"हो रे."

लागलीच पळत गेला अक्काला सांगायला. ती पाण्याची घागर घेऊन उभी होती.

तिसरी मॅच बघून मी फॉर्म भरला. भरला कसला, मी पेटलो होतो. शरीराच्या रकान्यात मी त्याच्या आईच्या डोक्यावरचं ओझं लिहिलं. पायांच्या रकान्यात अनवाणीपण लिहिलं. स्वभावाच्या रकान्यात, ज्यांनी या पोरांची मैदानं गिळली त्यांचा खरपूस समाचार घेतला. पहिली ओळ अशी, की माणूस थांबलाच पाहिजे. सगळ्यांत खालचा, सगळ्यांत रुंद रकाना मी मोकळा ठेवला.

हिरेमठ सरांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग उलटा करून मागं बघितलं, तिथं काही लिहिलंय का म्हणून.

"उणिवा?"

"नाहीत."

"तम्मा, मी पण बघितलाय त्याला. डाव्या अंगाला वळत नाही तो."

"मग तुम्हीच लिहा."

"सही तुझी, बघणारा तू. ऐक, तिथं दोन याद्या करतात. तयार पोरांची एक आणि घडवायच्या पोरांची एक. घडवायच्या यादीत चार जागा. ज्याची उणीव नेमकी कळलेली आहे आणि काढता येण्यासारखी आहे, त्याला तिथं घेतात. मास्तरला काम लागतं रे! ज्यात काही करायचं नाही, तो मास्तरला कशाला पाहिजे? एक ओळ लिही. उजवीकडेच वळतो, मैदानामुळं. बस."

आणि मी, चांगला सव्वीस वर्षांचा घोडा, काय बोललो? "सर, बंगल्यातल्या पोरांना तयार यादी आणि मजुराच्या पोराला घडवायची यादी? घडवायची यादी म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायला ठेवायची यादी. मी त्याला असा मागच्या दारानं पाठवणार नाही. त्याच्याविरुद्ध त्यांच्या हातात एक ओळ देणार नाही."

"विरुद्ध?" सर म्हणाले. "तुला काय कोर्ट वाटलं का हे?"

मी उठून टेलिफोन बूथवर गेलो आणि फॅक्स केला. मूळ कागद आमच्या फाईलला लावला, कार्बन कॉपी खिशात घातली. परत येताना छाती फुगलेली होती. मला वाटलं, आयुष्यातलं सर्वांत चांगलं पत्रक आज लिहिलं.

ते होतंच.

यल्लूला बोलावणं आलं. तयार यादीत. बहुतेक सगळे त्याच्याहून अंगाने मोठे, दोन-दोन वर्षं प्रशिक्षण घेतलेले, बूट आपापले. हिरेमठ सर त्याला घेऊन गेले. मी गेलो नाही, त्याच दिवशी मैदानासाठी आमचं धरणं होतं. जे झालं ते सरांनी सांगितलं. पहिल्या दहा मिनिटांत त्याने एक गोल मारला, सगळे उठून उभे राहिले. मग समोरच्या संघातला एक थोराड बॅक त्याच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला. त्यानंतर यल्लूला बॉल मिळायचा, तो उजवीकडे वळायचा आणि बॅकच्या अंगावर आदळायचा. पुन्हा मिळायचा, पुन्हा आदळायचा. शेवटी शेवटी पोरं हसायला लागली. डावीकडे सबंध मैदान मोकळं पडलं होतं, हिरवंगार. तिकडे नाला नव्हता.

सरांनी साहेबांना विनवलं, घडवायच्या यादीत घ्या म्हणून. साहेबांनी माझा फॉर्म पुढे केला. "तुमच्या माणसानं उणीव लिहिलेली नाही. त्याला दिसली नसेल तर तो आंधळा आहे, दिसून लिहिली नसेल तर खोटा. त्याच्या सांगण्यावर मी चारातली जागा कशी देऊ? त्या जागा वाटून झाल्या." पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी यल्लू सतरा पूर्ण. संपलं.

मी साहेबांना फोन केला. मी सव्वीसचा होतो, मला अजून वाटत होतं की भांडून मिळतं. अन्याय, गरीब पोर, मैदानं, सगळं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं पत्रक मिळालं होतं. अहवाल कधी पाठवताय?"

त्या दिवसानंतर मी एकही फॉर्म भरलेला नाही. मैदानही गेलं. तिथं आता तीन मजले उभे आहेत. धरण्याला बसलेल्यांपैकी एकाने तळमजल्यावर मोबाइलचं दुकान टाकलंय, माझ्याशी प्रेमाने बोलतो. मीही अप्पांच्या साडीच्या दुकानात बसतो. पत्रकं अजून लिहितो, कुणी सांगितलं तर. पूर्वीइतकी चांगली होत नाहीत.

आणि गेल्या वर्षी, लग्नसराईत, यल्लू दुकानात आला. बरोबर अक्का. तिचं लग्न ठरलं होतं. मी आत गठ्ठे सोडत होतो, अप्पांनी त्यांना बसवून घेतलं होतं. आमच्या दुकानाची जुनी पद्धत आहे, आजोबा मिरजेहून येताना घेऊन आले ती. गिऱ्हाइकाने साडी पसंत केली, की काठ दाखवायच्या आधी दोष दाखवायचा. अप्पांनी इरकली उलगडली, बोट ठेवलं. "हे बघ बाई, इथं धागा तुटून जोडलाय. निरीत जाईल, दिसणार नाही. पण आहे. बघून घे, मग घे."

अक्काने त्या जागेवरून बोट फिरवलं. "दाखवलासा म्हणून घेतो, अप्पा," ती म्हणाली. "न्हाईतर घरी जाऊन दिसला असता, तर अख्खी साडीच फसवी वाटली असती."

मी गठ्ठा धरून तसाच उभा. लहानपणापासून दिवसातून दहा वेळा ऐकलेली गोष्ट. दहा वेळा.

यल्लूने मला ओळखलं. खांदे भरले होते, उजव्या हाताला दोन बोटं कमी. डेपोतली करवत, त्याने न विचारता सांगितलं. मग म्हणाला, "अण्णा, त्या कागदावर माझ्याबद्दल काय लिवलं होतं, ते एकदा बघायचं होतं. तवापास्नं डोक्यात हाय."

मी खणातून कार्बन कॉपी काढून दिली. निळी अक्षरं पुसट झाली होती. तो एकेक रकाना बोटाने वाचत गेला. आईचं ओझं वाचताना थांबला, हसला. "हे कशाला लिवलं?" मग खाली आला.

"हे मोकळंच हाय की. दोष दिसला न्हाई तुमास्नी?"

खोटं बोलता आलं असतं. "दिसला होता," मी म्हटलं.

"कुठला?"

"पाठ गोलकडे असली की तू डावीकडे वळत नव्हतास. कधीच. नाल्यामुळे."

मला वाटलं, आता शिवी येणार. मला ती हवी होती. त्याने कागद अक्काच्या हातात दिला, मागे सरकून दुकानाच्या पांढऱ्या गादीवर अनवाणी उभा राहिला, गुडघे जरा वाकवले आणि मांडून ठेवलेल्या साड्यांच्या मधोमध डाव्या टाचेवर गर्रकन वळला. सफाईने. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा वळताना खांदाही खाली टाकला, बॅकला फसवायला टाकतात तसा. कुणी शिकवलं नव्हतं.

"येवढंच?" तो म्हणाला. "हे तर येतंय की मला, अण्णा." आणि मग, अगदी सरळ, खरंच माहीत करून घ्यायचं होतं म्हणून, "मला का न्हाई सांगितलासा?"

अप्पा साडीची घडी घालत होते. त्यांनीही वर बघितलं, उत्तर ऐकायला.